खिळ्यांच्या पेटीतले आडनाव

इतिहास म्हटला की आपण ताम्रपट, सनदा आणि बखरी यांच्याकडे वळतो. दुकानाचे बिलबुक, वकिलाचे लेटरहेड, डॉक्टरांचे व्हिजिटिंग कार्ड कोणी जपून ठेवत नाही. पण आपल्या दुभाषी मुलखात दोन लिप्या एका कागदावर कशा नांदल्या, हे मला या किरकोळ छपाईतच, छापखानेवाल्यांच्या भाषेत ‘जॉबवर्क’मध्ये, अधिक स्पष्ट दिसते.

मराठीच्या छपाईला लिपीची अडचण पहिल्यापासूनच. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी १८०५ मध्ये मराठी व्याकरणासाठी देवनागरी वापरली, १८१० च्या कोशासाठी मात्र मोडी. मुंबईत गणपत कृष्णाजींचे १८३१ चे पंचांग शिळाछापावर निघाले. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांना जो घाट दिला, तो पुढे सगळ्यांच्या डोळ्यांत बसला.

खिळा म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव तुकडा, त्यावर उलटे अक्षर. इंग्रजीला थोड्या खिळ्यांवर भागते. देवनागरीला जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार धरून कित्येक शे लागत. ते कमी व्हावेत म्हणून टिळकांनी खटपट केली, सावरकरांनी तर ‘अ’ची बाराखडीच सुचवली. दोन ओळींच्या कार्डात ‘श्रीकृष्ण’ आला की जुळारी आधी खण चाचपून बघे: ‘ष्ण’ शाबूत आहे ना? खिळ्याबाहेर आलेली नाजूक वेलांटी दाबाखाली हमखास तुटायची.

आमच्याकडे हा व्याप दुप्पट. शेजारी कन्नडच्या केशी, त्यांत अक्षराच्या पायाशी बसणाऱ्या ओत्तक्षरांचा वेगळा संसार. खरा पेच पडे तो आडनावाचा. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. मराठीत तो भेदच नाही. ‘केळकर’ जुळवताना एकार ऱ्हस्व घेतला तर कन्नड वाचणाऱ्याला ‘केळ’ म्हणजे ‘खालचा’ आठवणार. दीर्घ घेतला तर ‘केळु’ म्हणजे ‘ऐक, विचार’! आणि ‘जोशी’ची शेवटची दीर्घ वेलांटी कन्नडमध्ये बहुधा ऱ्हस्व होऊन जाई. गिऱ्हाइकाला कन्नड वाचता येत नसले की निवाडा जुळारीच करी. एकाच घरातल्या दोघा भावांचे आडनाव दोन तऱ्हांनी छापलेले मी पाहिले आहे. वाटणीच्या वेळी त्या एका मात्रेपायी त्यांना कचेरीत किती खेटे घालावे लागले! १ नोव्हेंबर १९५६ नंतर कन्नड अक्षरांतले नाव हा आपल्याकडे शोभेचा विषय उरला नव्हता.

म्हणून मी त्या जुळारींना नुसते कारागीर म्हणत नाही. आपल्या आडनावांचे लिप्यंतर कुठल्याही समितीआधी त्यांनी, उभ्या उभ्या, उलटी अक्षरे वाचत केले. डीटीपी आल्यावर खिळे किलोवर भंगारात गेले, आणि कोणत्या घराचा एकार कसा, ही त्यांची तोंडपाठ यादी कोणी लिहून घेतली नाही.

अलीकडे शहरांत ट्रेडलवर छापलेली महागडी कार्डे पुन्हा दिसू लागली आहेत. जाड कागदात अक्षर खोल रुतलेले, बोटाला लागणारे, त्याचेच कौतुक. जुन्या जुळारीच्या लेखी चांगला दाब म्हणजे कागदाला नुसता स्पर्श. पाठीमागे अक्षर उठले की खिळे झिजतात म्हणून मालक ओरडायचा, आणि गिऱ्हाईक कार्डे परत करायचे.