डमडमचा ज्वर आणि रक्ताची परीक्षा

कलकत्त्याच्या उत्तरेस वसलेल्या डमडमचे नाव जगाला दोन गोष्टींमुळे कळले. एक, तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात निघालेली, अंगात शिरताच फुलून पसरणारी बंदुकीची गोळी. दुसरी, तेथील छावणीतील सैनिकांना जडणारा ज्वर. कीर्ती गोळीचीच अधिक झाली.

हा ज्वर म्हणजेच काळाआजार. त्यात प्लीहा व यकृत वाढून पोट पुढे येते, अंगावर काळसर छटा चढते आणि मज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते. डमडमला राहून आलेला एक सैनिक 1900 साली इंग्लंडात नेटलीच्या लष्करी इस्पितळात मरण पावला. त्याच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना सूक्ष्मदर्शकाखाली बारीक अंडाकृती कण दिसले. परंतु त्यांचा अर्थ उलगडेना, म्हणून ते तीन वर्षे गप्प राहिले. 1903 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी मद्रासच्या डोनोव्हन यांनाही तसेच कण आढळले. रोनाल्ड रॉस यांनी त्या परोपजीवीस दोघांचीही नावे देऊन वाद मिटविला.

औषध मात्र कलकत्त्यातच निघाले. कॅम्पबेल इस्पितळाच्या एका लहानशा खोलीत, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 साली युरिया स्टिबामाइन सिद्ध केले. पुढे याच गृहस्थांनी बंगालमधील रक्तसंक्रमणाच्या कार्यातही पुढाकार घेतला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

रक्त गोठविणारी बहुतेक द्रव्ये यकृतच तयार करते. ते निकामी झाले की, शस्त्रक्रियेत रक्त थांबता थांबत नाही. 1963 साली अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी यकृतारोपणाचा पहिला प्रयोग केला, तेव्हा तो बालरुग्ण अतिरक्तस्रावानेच दगावला. आज अशा रुग्णास दात्यांच्या रक्ताचा मोठा आधार असतो. पण त्याच रक्तातून परकी व्याधीही येऊ शकते. शिवाय आरोपित यकृत शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दडपावी लागते, आणि काळाआजाराचा परोपजीवी बरे झालेल्या माणसाच्या अंगातही वर्षानुवर्षे दबा धरून राहू शकतो. प्रतिकार सैल पडताच तो जागा होतो. म्हणूनच हा आजार होऊन गेलेल्या माणसाचे रक्त कायमचे वर्ज्य मानावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आणि बिहार-बंगालातील रक्तपेढीत दात्याला विचारावयाचा तो एक साधा प्रश्न डमडमच्या छावणीपर्यंत मागे जातो.