सतीउन्निसा खानम

सतीउन्निसा खानम : (मृत्यू : जानेवारी १६४७). मुमताज महलची विश्वासू सहचरी, तिचा शिक्का सांभाळणारी अधिकारी, शाहजादी जहांआराची शिक्षिका आणि पुढे शाहजहानच्या जनानखान्याची प्रमुख. बऱ्हाणपूरच्या इतिहासात तिचे नाव येते ते एकाच प्रसंगी. बंडखोर सरदार खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी शाहजहान बऱ्हाणपुरात मुक्कामी असताना १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते पुरले होते. डिसेंबरमध्ये शव आग्र्याला नेले, तेव्हा शाहजादा शुजा आणि वजीर खान यांच्यासोबत सतीउन्निसाही होती. एवढ्यावरून ‘शवासोबत गेलेली दासी’ अशी तिची ओळख रूढ होते, आणि ती तोकडी आहे. तिचे स्थान बेगमेच्या मर्जीइतकेच तिच्या नातेसंबंधांवर उभे होते, आणि ते संबंध तिने स्वतः जपले व वाढवले.

तिचे माहेर इराणात कास्पियन समुद्राकाठच्या माझंदरान प्रांतातले, विद्वान आणि वैद्यांचे. भाऊ तालिब आमुली हा फारसीतला नामांकित कवी. जहांगीराने १६१९ मध्ये त्याला दरबारचा कविराज केले. सासरही त्याच तोलाचे. पती नसीरा हा हकीम रुकना काशी याचा भाऊ, आणि रुकना हा इराणच्या शाह अब्बासचा दरबार सोडून हिंदुस्थानात आलेला कवी व वैद्य. तालिबने जहांगीराला एक पद्यमय अर्ज केला होता. आईच्या मायेने वागवणारी थोरली बहीण इराणहून आग्र्याला आली आहे, चौदा वर्षांहून अधिक काळ भेट झालेली नाही, तेव्हा तिला भेटायला रजा मिळावी, अशी त्याची विनवणी आहे. ही बहीण म्हणजे सतीउन्निसाच, असे साहित्याचे इतिहासकार मानतात. दरबारातल्या सर्वांत मानाच्या कवीला बहिणीच्या भेटीसाठी बादशहाकडे शब्द टाकावासा वाटतो, यातच त्या घरातले तिचे वजन दिसते.

यावर असा आक्षेप घेता येईल की इतिवृत्तांत तिच्या बढतीचे श्रेय तिच्या गुणांना दिले आहे. गोड वाणी, कारभाराची जाण, औषधोपचारांचे ज्ञान, कुराणपठण आणि फारसी साहित्याचा व्यासंग यांच्या बळावर ती जुन्या सेविकांना मागे टाकून वर चढली, असे ती इतिवृत्ते सांगतात. हे खरेच आहे आणि तिच्या कर्तबगारीला त्याने बाध येत नाही. पण हे गुण आले कुठून? मुलींसाठी मदरसे नसलेल्या काळात वैद्यक आणि साहित्य बाईला घरातच मिळत असे, आणि तिची दोन्ही घरे नेमकी वैद्यांची व कवींची होती. शिवाय पती निवर्तल्यावर मूलबाळ नसलेली परक्या मुलखातली विधवा शाही महालात शिरते, शिक्का हाती घेते, ती कुणाच्या ओळखीदेखीशिवाय नव्हे. गुणांनी तिला वर नेले. दार उघडले ते मात्र घराण्याच्या नावाने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही माहिती दरबारी लेखकांची. बादशहाची माया दाखवण्यापुरतेच ते तिच्या नातलगांबद्दल लिहितात. पण त्यांनी सहज नोंदवलेले तपशीलच इथे बोलके ठरतात. तालिब वारल्यावर तिने त्याच्या दोन्ही मुली दत्तक घेतल्या. थोरली आकिल खानाला दिली. तो दिवाण अफजल खानाचा पुतण्या आणि मानसपुत्र. ताजमहालावरील अक्षरे लिहिणारा अमानत खान हा याच अफजल खानाचा भाऊ. धाकटी दिली जियाउद्दीनला, म्हणजे हकीम रुकनाचा भाऊ कुतबा याच्या मुलाला. रुकना, कुतबा आणि नसीरा हे भाऊ, त्यामुळे जावई तिच्या दिवंगत पतीचा सख्खा पुतण्या होता. माहेरची भाची सासरच्या पुतण्याला देऊन, पती गेल्यावर सैल पडू शकणारा धागा तिने पुन्हा पक्का केला. नुसती ममता असती तर दत्तक घेऊन भागले असते. स्थळांची ही निवड मात्र विचारपूर्वक केलेली दिसते. गरजू विधवा आणि अनाथ मुलींची गाऱ्हाणी मुमताजपुढे तीच मांडत असे. बेगमेच्या मागे जनानखान्याची प्रमुख म्हणून सूत्रे तिच्याकडेच आली. दुसऱ्यांची घरे उभी करण्याचे काम ती महालातही करत होती.

तिचा शेवटही दत्तक मुलींच्या याच नात्याशी निगडित आहे. ज्या धाकटीवर तिचा फार जीव होता ती लाहोरला बाळंतपणात गेली. बऱ्हाणपुरात मालकिणीचे जे झाले तेच तिच्या घरी झाले. काही दिवस ती घरातच शोक करत राहिली. शाहजहानने तिला महालात आणवून स्वतः सांत्वन केले, पण थोड्याच अवधीत तीही वारली. अंत्यविधीसाठी १०,००० रुपये दिले गेले. वर्षभरानंतर तिचे शव लाहोरहून आग्र्याला आणून ताजमहालाच्या पश्चिमेला, जिलौखान्यालगत (बाहेरच्या चौकालगत) ३०,००० रुपये खर्चून बांधलेल्या मकबऱ्यात पुरले आणि त्याच्या देखभालीसाठी सालीना ३,००० रुपये उत्पन्नाचे एक गाव लावून दिले.