थोरलीला दम मिळाला, तोही उशिरा

आपल्याकडे माल वाहणाऱ्या कुठल्याही लहान गाडीला 'टेम्पो' म्हणतात. घर बदलायचं असलं तरी टेम्पो, गणपती आणायचा असला तरी टेम्पो. गाडी कुठल्या कंपनीची, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. मुळात हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचं नाव. तिच्याशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली, पुढे आकुर्डीला कारखाना आला, १९६९ मध्ये मॅटाडोर आली आणि तोवर विशेषनामाचं सामान्यनाम होऊन बसलं होतं. कंपनीने २००५ मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोकांनी काही आपला शब्द बदलला नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते टेक्सासमधल्या भाच्यामुळे. त्याने पिकअप घेतली. फोर्डची एफ-१५०, साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन, त्याला दोन टर्बो. हे इंजिन या गाडीत पहिल्यांदा २०११ च्या मॉडेलला आलं तेव्हाच ते ३६५ अश्वशक्ती आणि सुमारे ५७० न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. फोटोबरोबर त्याचा प्रश्नही आला : "मामा, तुम्ही पिंपरी-चाकणला मोटारींचं माहेर म्हणता, मग अशी पिकअप तिथे का नाही बनली?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मात्र फोनवर देण्याइतकं छोटं नाही, म्हणून इथे लिहितोय.

पिंपरीत पिकअप बनली, मंडळी. १९८८ साली टेल्कोने (२००३ पासून टाटा मोटर्स) पुण्यातून टाटामोबाइल २०६ काढली. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. टाटांच्या व्यापारी गाड्यांच्या नावातच तिची मापं असायची. ही डाइमलर-बेंझबरोबरच्या दिवसांतली सवय. पहिला आकडा साधारण भरलेल्या गाडीचं वजन, टनांत. शेवटचा आकडा अश्वशक्ती, दहाच्या पटीत. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० अश्वशक्ती. त्या हिशेबाने २०६ म्हणजे दोन टन आणि साठ. इंजिन १९४८ सीसीचं, चार सिलिंडरचं डिझेल, टर्बो वगैरे काही नाही.

ज्यांनी या गाड्यांतून प्रवास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी रिकामी असली की मागचे पाटे इतके ताठ, की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. माल भरला की तीच गाडी शहाण्यासारखी बसते, चाल मऊ होते. सपाटीला कुरकुर नाही. पण खेडचा घाट लागला की दुसरा गिअर, मग पहिला, मागे गाड्यांची रांग आणि सगळ्यांच्या तोंडावर काळा धूर. त्या धुराला आम्ही 'इंजिन जोर लावतंय' असं समजायचो. खरं तर तो दम लागल्याचा धूर. पायाने डिझेल वाढवता येतं, हवा वाढवता येत नाही. इंजिनला स्वतःच्या ओढीने जेवढी मिळेल तेवढीच. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होऊन बाहेर पडतं.

टर्बो नेमका हाच प्रश्न सोडवतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं, मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगाने, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. वाया जाणाऱ्या उच्छ्वासावर श्वास वाढवायचा, म्हणा ना.

आता यातली खरी गंमत. २०६ च्या सांगाड्यावरून टेल्कोने एकेक भावंडं काढली. हौदा गेला, छप्पर आलं, गाद्या आल्या. १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट, १९९४ मध्ये सुमो (ते नाव टेल्को उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून). १९९८ ची सफारीसुद्धा त्याच घराण्यातली. आपल्या मध्यमवर्गाने 'मोठी गाडी' म्हणून ज्यांचं कौतुक केलं, त्या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे ही माल वाहणारी पिकअप.

आणि टर्बो आला तो धाकट्यांना. सिएराला १९९७ मध्ये, सफारीला १९९८ मध्ये. इंजिन तेच १९४८ सीसीचं, पण साठ-पासष्टच्या जागी सुमारे ९० अश्वशक्ती. म्हणजे आकार तेवढाच ठेवून जवळजवळ दीडपट. टर्बो फिरायला लागेपर्यंत गाडी जरा विचारात पडल्यासारखी वाटायची, मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखी निघायची. पाच माणसं आणि चार बॅगा घेऊन महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीला हा दम मिळाला. युरोपात पाठवलेल्या टेल्कोलाइन पिकअपलाही मिळाला. इथे रोज कांद्याची पोती घेऊन चाकणच्या बाजारात येणारी थोरली तशीच धापा टाकत राहिली. तिच्यासाठी पुढे २०७ डीआय आली, तेव्हा जोर वाढवायला सुमारे तीन लिटरचं मोठं इंजिन दिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, हा अन्याय कंपनीने केला. मला तसं वाटत नाही. टेम्पोचा मालक गाडी घेताना काय विचारतो ते ऐका कधी. "पासिंग किती? ॲव्हरेज किती?" तिसरा प्रश्न असलाच तर पाट्यांचा. भाडं किलोवर मिळतं, घाट किती मिनिटांत चढला यावर नाही. शिवाय टर्बो म्हणजे नाजूक कुळाचं काम. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, मग बंद करायचं. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमधलं तेल जळतं. मंचरजवळच्या झाडाखाली बसलेल्या मेस्त्रीला साधं इंजिन पान्यांवर उलगडता येत होतं, टर्बो उलगडून देणारा मात्र शोधावा लागायचा. ड्रायव्हरला तासभर जास्त लागला, त्याचे पाय भरून आले, याचा रकाना मालकाच्या वहीत नव्हताच.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत डॉज रॅम या पिकअपमध्ये कम्मिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं गेलं. १६० अश्वशक्ती, ५४० च्या आसपास न्यूटन-मीटर. कम्मिन्स आपल्याला परकी नाही, किर्लोस्करांबरोबर १९६२ पासून ती कोथरूडला आहे. पुढे १९९३ मध्ये टाटा कम्मिन्स ही कंपनी झाली आणि त्याच जातीचं ५.९ लिटरचं इंजिन जमशेदपूरला बनू लागलं. कशासाठी? १६१३ सारख्या १६ टनी ट्रकसाठी! तिकडे जे इंजिन एका शेतकऱ्याच्या दाराशी, त्याची गवताची ट्रॉली ओढायला, तेच इकडे अख्खा ट्रक ओढत होतं. पूर्ण आकाराची पिकअप बनवायचं कसब आपल्याकडे नव्हतं असं नाही. एका माणसासाठी एवढी ताकद बाजूला काढून ठेवणं आपल्या हिशेबात बसत नव्हतं.

मग थोरलीला टर्बो मिळाला कसा? मागणीतून नाही. कायद्यातून. २००० सालापासून देशात धुराच्या मर्यादा दर काही वर्षांनी कडक होत गेल्या. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ तेरा शहरांना लागू झालं, त्यात आपल्याकडची पुणे आणि सोलापूरही होती. २०१७ मध्ये ते देशभर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून पाचवी पायरी गाळून थेट सहावी. धूर कमी करायचा तर डिझेल पूर्ण जळायला हवं. त्यासाठी भरपूर हवा हवी, आणि डिझेलही प्रचंड दाबाने, बारीक तुषारांत फवारायला हवं. कॉमन रेल आणि टर्बो यांच्यावाचून ते जमेना. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेते, आता तिचं चाकणलाही केंद्र आहे. अशा तपासणीत नापास होणारी गाडी विकताच येत नाही, मग मालकाने विचारो वा न विचारो.

एक आकडेवारी मात्र पाहण्यासारखी आहे. टाटांनी २००९ मध्ये झेनॉन एक्सटी भारतात आणली. दोन रांगांची केबिन, हौसेची पिकअप. २.२ लिटरच्या टर्बो डिझेलमधून १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर. फारशी चालली नाही. २०२० नंतरच्या योद्धा पिकअपमध्येही इंजिन २.२ लिटरचंच, टर्बोसकट, पण १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर. २०२२ ची योद्धा २.० दोन हजार किलो माल वाहते. आकार तोच आणि ताकद कमी, याला मी कंजूषपणा म्हणणार नाही. भरल्या गाडीला ताशी दीडशेचा वेग नको असतो. क्लच सोडताच, कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर हवा असतो, आणि तो लाखो किलोमीटर टिकायला हवा. घाटात पहिल्या गिअरऐवजी दुसऱ्यावर भागतं, मागच्या स्कूटरवाल्याला काजळी खावी लागत नाही. ड्रायव्हरच्या लेखी एवढा फरक पुष्कळ आहे.

मला खटकतं ते एवढंच. घरात सगळ्यात जास्त राबणाऱ्या माणसाला श्वास पुरतोय का, हे घरच्यांनी कधी विचारलं नाही. शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली, तेव्हा कुठे डॉक्टर आला. उपचार चांगला झाला, पण निमित्त शेजाऱ्यांचं होतं.

असो. चाकणच्या कांदा बाजारात आता पिकअप येऊन थांबते, तेव्हा जुने ड्रायव्हर चावी लगेच फिरवत नाहीत. मिनिटभर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर हात टेकून बसतात. टर्बो थंड व्हायला. त्या निमित्ताने त्यांनाही तेवढीच विश्रांती.