दोन सुळ्यांचा हिशेब

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात क्रो नावाची आदिवासी जमात राहते. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला अप्सालूके म्हणवतात. या जमातीच्या स्त्रियांचा एक जुना पोशाख तिकडच्या संग्रहालयांत पाहायला मिळतो. गडद निळ्या किंवा लाल लोकरी कापडाचा सैल झगा, आणि त्यावर ओळीने शिवलेले चिंचोक्याएवढे पिवळसर दाणे. दुरून ते मणी वाटतात. प्रत्यक्षात ते एल्क नावाच्या हरणाचे दात असतात, आणि एका एल्कच्या तोंडात असे दात दोनच मिळतात. वरच्या जबड्यातले हे दोन सुळे हस्तिदंतासारखे घट्ट आणि चकचकीत असतात. म्हणजे झग्यावर तीनशे दात असतील, तर त्यामागे दीडशे हरणे आली. काही दात देवाणघेवाणीत मिळत, काही वारशाने येत. तरीही तो झगा अंगावर घालणे म्हणजे घरातल्या पुरुषांच्या अनेक वर्षांच्या शिकारीचा जमाखर्च सर्वांसमोर मांडणे होते.

या हरणाची थोडी ओळख करून घ्यायला हवी. शॉनी भाषेत त्याला 'वापिती', म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा, असे म्हणत. युरोपात 'एल्क' हे नाव मूसला, म्हणजे वेगळ्याच प्राण्याला लावतात. अमेरिकेत आलेल्या वसाहतकारांनी ते या हरणाला चिकटवले आणि गोंधळ कायमचा झाला. आपल्याकडच्या काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा नातलग. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. त्याची शिंगे दरवर्षी गळतात आणि काही महिन्यांत पुन्हा वाढतात. युरोपीय लोक येण्यापूर्वी या खंडात सुमारे १ कोटी एल्क असावेत, असा अंदाज नेहमी दिला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ते लाखाच्याही खाली आले होते. पूर्वेकडची उपजाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नाहीशी झाली.

मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेली बंदुकीची शिकार हे या घसरणीचे मोठे कारण. कुरणांवर आलेली शेती आणि गुरे हे दुसरे. तिसरे कारण मात्र चमत्कारिक आहे, आणि ते पुन्हा त्या दोन सुळ्यांपाशी येते. १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'एल्क्स' नावाची एक बंधुसंस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत घड्याळाच्या साखळीला एल्कचा सुळा अडकवण्याची रीत पडली. दाताला भाव आला. वायोमिंगच्या जॅक्सन होल खोऱ्यात चोरटे शिकारी हरीण मारत, दोन सुळे उपटत आणि अख्खे धूड बर्फात टाकून जात. पुढे संस्थेनेच ही रीत सोडली. क्रो स्त्रीच्या झग्यावरचा दात आणि शहरी सभ्य गृहस्थाच्या साखळीतला दात एकाच प्राण्याचे. पहिल्या दातामागे खाल्लेले मांस होते, कमावलेले कातडे होते. दुसऱ्यामागे कुजलेले धूड.

त्याच खोऱ्यातल्या स्टीफन लीक या पशुपालकाने हिवाळ्यात उपाशी मरणाऱ्या एल्कची छायाचित्रे काढली आणि ती देशभर दाखवली. त्यातून निर्माण झालेल्या लोकमताने १९१२ मध्ये तिथे राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान उभे राहिले. त्या सुमारास यलोस्टोन परिसरातले एल्क रेल्वेने इतर राज्यांत नेऊन सोडण्याचेही काम सुरू झाले.

धनुष्याची गोष्ट याच काळात घडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या अमेरिकेत धनुष्य हा बागेतला खेळ उरला होता. १८७८ मध्ये मॉरिस थॉम्पसन याने धनुर्विद्येवर लिहिलेल्या पुस्तकाने थोडी हौस जागी केली, एवढेच. मग ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. तो याही जमातीचा होता. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतकारांनी त्याच्या जमातीची बंदुकांनी कत्तल केली होती. वाचलेले मूठभर लोक सुमारे चाळीस वर्षे डोंगरकपारीत लपून राहिले. १९०८ मध्ये भूमापकांची एक तुकडी त्यांच्या तळावर येऊन पोचली आणि तिथली हत्यारे, टोपल्या, पांघरुणे उचलून घेऊन गेली. अखेरीस हा एकटाच उरला. आपले नाव त्याने कधी कोणाला सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर याने त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'.

इशीला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवण्यात आले. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचा शिष्य झाला. इशी जुनिपरच्या लाकडाचे आखूड धनुष्य बनवी. बाणाची पाती ज्वालाकाचेची करी, आणि ती नसेल तेव्हा बाटलीच्या काचेची. दोरी तो अंगठ्याने ओढी आणि उकिडवा बसून बाण सोडी. शिकारीआधी मासे आणि तंबाखू वर्ज्य, पहाटे अंघोळ. सशाला बोलावण्यासाठी बोटांवर ओठ टेकवून तो चुंबनासारखा आवाज काढी. गोल पाटीवर नेम धरण्यात पोप त्याच्यापेक्षा सरस ठरला. पण इशीची खरी विद्या नेमबाजीची नव्हतीच, ती जवळ जाण्याची होती. दूरवर बाण मारण्याऐवजी जनावराच्या इतके निकट पोचायचे की चुकण्याला जागाच उरू नये.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने गेला. शवविच्छेदन करू नये असे क्रोबरने पत्राने कळवले होते, पण पत्र पोचण्याआधीच ते झाले होते. मेंदू पुढे क्रोबरनेच स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. तो इशीच्या नातलग जमातींच्या हाती परत यायला २००० साल उजाडले.

पोपने आर्थर यंग या मित्रासह इशीची विद्या पुढे नेली. १९२० मध्ये दोघांनी खास परवानगीने यलोस्टोनमध्ये बाणांनी ग्रिझली अस्वले मारली, कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीतील प्रदर्शनासाठी. १९२३ मध्ये पोपचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक आले. अलास्कातील शिकारीवरचा यंगचा चित्रपट पाहून फ्रेड बेअर नावाचा डेट्रॉइटचा कारखाना-कामगार या नादी लागला. त्याचे पहिले हरीण मिळायला कित्येक हंगाम गेले. पुढे तो अमेरिकेतील सर्वांत नामवंत धनुष्य-उत्पादक झाला. धनुर्धारी शिकाऱ्यांच्या नोंदी ठेवणारा, १९६१ मध्ये स्थापन झालेला क्लब पोप आणि यंग यांचे नाव लावतो. इशीच्या वाट्याला त्या क्लबच्या एका पुरस्काराचे नाव आले.

धनुष्याला कायद्यात स्थान मिळाले त्याचे कारण मात्र त्याच्या सामर्थ्यात नव्हते, त्याच्या उणिवेत होते. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने हरणांसाठी धनुर्धाऱ्यांचा स्वतंत्र हंगाम ठेवला. निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड त्याच राज्यात राहत होता आणि स्वतः धनुष्ये घडवत होता. धनुष्यवाला शिकारी बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो, म्हणून पुष्कळ माणसांना पुष्कळ दिवस रानात जाऊ दिले तरी कळपावर फार ताण येत नाही. पश्चिमेकडील राज्यांनीही हेच तत्त्व धरले. एल्कचा माजाचा काळ सप्टेंबरात येतो. नर खालच्या सुरात सुरू होऊन बारीक शिटीसारख्या टोकाला जाणारी साद घालतात आणि एरवीची सावधगिरी विसरतात. हा सर्वांत मोलाचा महिना बऱ्याच राज्यांनी धनुर्धाऱ्यांना दिला, तो त्यांच्या अपयशाच्या भरवशावर.

हे अपयश आकड्यांत मोजता येते. सर्वसाधारणपणे शंभर धनुर्धाऱ्यांमागे दहा ते पंधरा जणांना एका हंगामात एल्क मिळतो. दहात एक हे प्रमाण धरले, तर सलग पाच हंगाम रिकामे जाण्याची शक्यता जवळजवळ साठ टक्के निघते. म्हणजे चार-पाच कोरडी वर्षे ही दुर्दैवाची कहाणी नाही, तो नियमच आहे. त्या वर्षांत शिकारी जे शिकतो ते बहुतांशी वाऱ्याविषयी असते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापले की तीच हवा वर चढू लागते. हा पालट होताना माणसाचा वास जनावराकडे गेला की दिवस संपला. बाण तीस-चाळीस पावलांच्या आतून मारायचा, आणि तोही छातीच्या एका ठरावीक भागावर. हरीण समोर तोंड करून उभे असेल तर धनुष्य उतरवायचे. बाण लागल्यावरही लगेच धावायचे नाही. निदान अर्धा तास थांबायचे, मग रक्ताचा माग काढायचा.

ज्या वर्षी हे सारे जुळून येते, त्या वर्षी खरे कष्ट तिथून पुढे सुरू होतात. धूड जागच्या जागी चार भागांत तोडून, कापडी पिशव्यांत घालून, पाठीवरून काही खेपांत उतरवावे लागते. मांस वाया घालवणे अनेक राज्यांत गुन्हा आहे. त्या मांसावर घराचा हिवाळा निघतो. आणि आजचा शिकारीही ते दोन सुळे काढून जपून ठेवतो.

या चित्रात काळी बाजू आहे, ती लपवू नये. बाण लागूनही हाती न आलेले, जखमी होऊन मेलेले हरीण कोणत्याही हिशेबात येत नाही. शिवाय १९६९ मध्ये मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन याला कप्पीच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्यात दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार कमी होतो आणि नेम स्थिर धरता येतो. ज्या अपयशावर हंगामाची रचना उभी होती, तेच यंत्राने कमी होऊ लागले. म्हणून काही राज्ये धनुष्यावर विजेची उपकरणे बसवू देत नाहीत.

मराठी वाचकाला शिकार आणि संवर्धन हे शब्द शेजारी पाहून अवघडल्यासारखे होते, आणि ते स्वाभाविक आहे. १९७२ मध्ये भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि शिकारीचे युग संपवण्याची वाट धरली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेने धनुष्यबाणांच्या विक्रीवरचा अबकारी कर वन्यजीवांच्या निधीत वळवण्याचा कायदा केला. बंदुका आणि काडतुसांवरचा तसा कर १९३७ पासून होताच. राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च या करांतून आणि परवान्यांच्या शुल्कातून निघतो. आज तिथे एल्कची संख्या १० लाखांच्या आसपास आहे. आपली दाट वस्ती आणि आपल्या रानांची स्थिती पाहता तो मार्ग इथे चालला असता असे मला वाटत नाही. पण तिथे कळप वाढले, हे नाकारता येत नाही.

मात्र परवाना, हंगाम, शुल्क ही सारी व्यवस्था उभी राहिली तेव्हा त्या रानांचे जुने शिकारी हिशेबाबाहेर राहिले. २०१४ च्या जानेवारीत क्लेविन हेरेरा हा क्रो जमातीचा माणूस एल्कच्या मागावर मोंटानातील राखीव क्षेत्रातून वायोमिंगच्या बिगहॉर्न अरण्यात गेला. हंगाम नव्हता आणि परवानाही नव्हता. त्याच्यावर खटला झाला. १८६८ च्या तहाने क्रो लोकांना सरकारच्या मालकीच्या मोकळ्या जमिनीवर शिकारीचा हक्क दिला होता. वायोमिंगचे म्हणणे असे की १८९० मध्ये आपण राज्य झालो तेव्हाच तो हक्क संपला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हक्क संपलेला नाही. ते विशिष्ट ठिकाण 'मोकळे' आहे का, आणि संवर्धनासाठी राज्य त्या हक्कावर किती नियम घालू शकते, हे प्रश्न न्यायालयाने खाली परत पाठवले.

एल्क दुर्मीळ झाले तेव्हा क्रो स्त्रियांनी हाडाचे दात कोरून झगे पुरे केले होते. आता प्लास्टिकचेही दात मिळतात, आणि जमातीच्या मेळ्यांत असे झगे आजही दिसतात. त्यांतला खरा दात कोणता आणि नकली कोणता, हे दुरून सांगता येत नाही. घरच्यांना ते ठाऊक असते.