ग्रंथालयांतील मानवशास्त्र

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ‘मानवशास्त्र’ अशी पाटी असलेलें कपाट अगदीं लहान असतें. परदेशी पंडितांचे चार-दोन ग्रंथ, डॉ. घुर्ये व इरावतीबाई कर्वे यांचीं पुस्तकें आणि परीक्षेस नेमलेलीं कांहीं पाठ्यपुस्तकें, एवढाच काय तो संग्रह. कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी आमच्याकडे आला. तो कैकाडी समाजांतला. आपल्याच समाजाच्या इतिहासावर त्यास प्रबंध लिहावयाचा होता. आम्हीं त्यास या कपाटाकडे पाठविलें, आणि तेथें न मिळाल्यास आपल्या ग्रंथालयांत कांहीं नाहीं असें समजावें, असेंही सांगून मोकळे झालों. हा आमचा सल्ला सपशेल चुकीचा होता. तो कां चुकीचा होता, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

आपल्या प्रांतांत मानवशास्त्र प्रथम जन्मास आलें तें महाविद्यालयांत नव्हे, तर कचेरींत. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग १९१९ सालीं निघाला. इरावतीबाई डेक्कन कॉलेजांत आल्या त्या १९३९ सालीं. परंतु त्यापूर्वींच जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखालीं मुंबई इलाख्याचें गॅझेटियर तयार झालें होतें. त्याचा एकट्या पुणें जिल्ह्यावरील अठरावा खंड तीन भागांचा असून तो १८८५ सालीं निघाला. त्यांतील लोकवस्तीच्या प्रकरणांत जातीजातींचीं घरें, अन्न, पोषाख, धंदे आणि बारशापासून और्ध्वदेहिकापर्यंतचे संस्कार वर्णिले आहेत. १८८१ पासून दर दहा वर्षांनीं होणाऱ्या खानेसुमारीचे अहवाल निघूं लागले. पुढें एन्थोव्हेन यांचा मुंबई इलाख्यांतील जातिजमातींवरील तीन भागांचा ग्रंथ १९२० ते १९२२ या काळांत प्रसिद्ध झाला. हें साहित्य सरकारी कारभारासाठीं जमविलेलें असल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं तें सरकारी प्रकाशनांच्या कपाटांत पडून असतें. ज्याला हा इतिहास ठाऊक नाहीं, तो आमच्यासारखाच पाटी वाचून परत फिरतो.

आमचा विद्यार्थी आमच्यापेक्षां चिकाटीचा निघाला. महिन्याभरानें तो परत आला, तेव्हां त्याच्या हातांत केनेडी नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें लिहिलेलें, १९०८ सालचें, मुंबई इलाख्यांतील गुन्हेगार वर्गांविषयींचें पुस्तक होतें. त्यांत कैकाड्यांवर स्वतंत्र टिपण आहे. पुस्तक पोलिसांच्या उपयोगाचें असल्यामुळें, हे लोक कसे ओळखावे आणि कोणत्या रीतीनें गुन्हे करतात, याचीच त्यांत चर्चा.

या पुस्तकामागें एक कायदा उभा होता. गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम १८७१ सालीं झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्यानें तो मुंबई इलाख्यासही लागू करतां आला. एखादी जमात एकदां गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, कीं तींत जन्मलेलें मूल जन्मतःच संशयित ठरे. नांवनोंदणी, हजेरी आणि सोलापुरासारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांतील वसाहत, हें त्यांच्या नशिबीं आलें. हा कायदा रद्द झाला तो १९५२ सालीं. ही समजूत केवळ इंग्रज अधिकाऱ्यांची होती असेंही नाहीं. ‘गावगाडा’कार त्रिंबक नारायण आत्रे यांनीं त्या ग्रंथाच्या आधीं, १९११ सालीं, ‘गुन्हेगार जाती’ याच नांवाचें पुस्तक लिहिलें होतें.

विद्यार्थ्यानें तें पुस्तक टेबलावर ठेवून विचारलें, “सर, यांतलें खरें किती मानायचें?”

आम्हीं त्यास जें उत्तर दिलें, तें असें. पुस्तक कोणीं लिहिलें, कोणासाठीं लिहिलें आणि त्यास माहिती कोणीं पुरविली, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून असल्या पुस्तकाचें एकही पान टिपून घेऊं नये. पोलिसाला माणूस दिसतो तो पाठलागाच्या वेळीं. घरीं बसून टोपली विणणारा तोच माणूस त्याच्या दप्तरांत येत नाहीं. मात्र म्हणून तें पुस्तक फेंकूनही देऊं नये. राज्यकर्त्यांनीं या लोकांकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, याचा तो अस्सल पुरावा आहे. त्याच्याशेजारीं गॅझेटियरांतील धंद्यांचीं व व्यापाराचीं प्रकरणें उघडून ठेवावीं. पक्के रस्ते आणि आगगाडी आल्यावर बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून माल वाहणाऱ्या अनेक जमातींची रोजी बुडाली. हे दोन कागद एकत्र वाचले म्हणजे ज्यास ‘उपजत स्वभाव’ म्हटलें जात होतें, त्यांत हिरावलेल्या पोटाचा भाग किती होता, असा प्रश्न तरी निदान उभा राहतो.

तरीही उत्तर अर्धेंच राहतें. कारण ज्यांच्याविषयीं हें सर्व लिहिलें गेलें, त्यांची साक्ष यांत कोठेंच नाहीं. ती मराठींत फार उशिरां आली. कैकाडी समाजांतून आलेल्या लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं आणि लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. पण हीं पुस्तकें मानवशास्त्राच्या कपाटांत शोधून सांपडणार नाहींत. ड्युई यांच्या दशांश पद्धतींत गुन्हेशास्त्राचा अंक ३६४, लोकाचारांचा ३९० आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. म्हणजे आरोप एका टोंकाला आणि आरोपीची कैफियत दुसऱ्या टोंकाला. मध्यें अवघें ग्रंथालय. यांत ग्रंथपालाचा दोष नाहीं. विषयवार मांडणी केली म्हणजे असें व्हावयाचेंच. तें अंतर चालून जाणें हें संशोधकाचें काम आहे, आणि तें त्यास शिकविणें हें आमचें होतें.

त्या विद्यार्थ्याचा प्रबंध पुढें पुरा झाला. त्याचें पहिलें प्रकरण गॅझेटियरचें नाहीं आणि केनेडींचेंही नाहीं. त्याच्या आजीनें सांगितलेली हजेरीची हकीकत त्यानें तेथें घातली आहे. बांधलेली प्रत आतां आमच्या ग्रंथालयांत आहे. आपल्या घरांतील मुलें-मुली उद्यां महाविद्यालयांत जातील आणि असाच एखादा विषय घेतील. त्यांस कोणी “येथें कांहीं नाहीं” असें सांगितलें, तर त्यांनीं तें खरें मानूं नये. आमच्यासारख्या प्राध्यापकानें सांगितलें तर मुळींच मानूं नये.