ठिपका, रेघ आणि काव

गाठ सोडविणे हे चातुर्याचे काम, असे आपण मानतो. परंतु गाठ रेखाटणे, म्हणजे एकच रेघ कधी वरून, कधी खालून गुंफीत नेऊन अखेर आरंभस्थानी आणणे, हेही तितकेच चातुर्याचे काम आहे. सारवलेल्या अंगणात तुळशीवृंदावनापुढे रांगोळी घालणाऱ्या स्त्रीला हे ज्ञान असते. आजीच्या शेजारी बसून नात प्रथम ठिपके मांडावयास शिकते. रेघेची पाळी नंतर येते. ठिपक्यांची गणती चुकली, तर रेघ वाट चुकते आणि गाठ जुळत नाही. ही चूक कागदावर सांगून समजत नाही. ती बोटांनाच कळावी लागते. सायंकाळपर्यंत रांगोळी विसकटते, पण आकृतीला मरण नाही, कारण ती जमिनीवर नसून हातात असते.

गोमंतकात रेघेची हीच शिस्त भिंतींवरही दिसते. तेथील देवालयांच्या व जुन्या घरांच्या भिंतींवरील चित्रांना कावी चित्रे म्हणतात. एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, पाकळ्यांची फुले, वेलपट्ट्या आणि देवदेवता, हे सारे पांढऱ्या चुन्यावर केवळ तांबड्या रंगात. पेडणे तालुक्यात मोरजी येथील मोरजाईच्या देवळात अशी चित्रे आहेत.

जुन्या देवालयांची परंपरा या भागात टिकली, यामागे इतिहास आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व सासष्टी येथील देवळे पोर्तुगीजांनी पाडली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपार डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. तोवर सक्तीच्या धर्मांतराची लाट ओसरली होती, म्हणून या नव्या काबिजादींत देवळे उभी राहिली.

कावीची कृती सोपी दिसते, पण सोपी नाही. शिंपल्यांचा चुना व धुतलेली वाळू यांत गुळाचे पाणी घालून ते मिश्रण मुरवितात, कुटतात आणि भिंतीला त्याचा गिलावा देतात. त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर चढवितात. थर ओला असतानाच कर्कटकाने व अणकुचीदार सळईने आकृती आखून नको तेथील तांबडा भाग खरवडतात. खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि चित्र उमटते. चुना वाळला की दुरुस्तीस वाव उरत नाही. म्हणून हात आधीच तयार असावा लागतो.

असा हात दुर्मीळ झाला, हीच खरी हानी होय. रांगोळी रोज पुसली जाऊनही राहिली. कावी शतकानुशतके टिकूनही संकटात आली. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुना गिलावा खरवडून सिमेंट व तैलरंग चढले की चित्र जाते, आणि ते पुन्हा काढणारा सहसा सापडत नाही.

अशीच अवस्था दूरच्या आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतही आली होती. इसवी सन ८०० च्या सुमाराचा केल्सचा ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सुरक्षित होता; पण त्यातील गाठीगाठींची वेलबुट्टी कशी रेखाटावी, याची परंपरा खंडित झाली होती. स्कॉटलंडचे चित्रकला-शिक्षक जॉर्ज बेन यांनी त्या आकृत्यांची घडण उलगडून १९५१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्यांची पहिली पायरी कोणती? प्रथम ठिपके मांडावेत, मग रेघ ओढावी. आपल्या अंगणातील आजीला हे नवे वाटले नसते!

गोमंतकालाही हा मार्ग मोकळा आहे. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी कोकणपट्टीतील कावी चित्रांच्या नोंदी व छायाचित्रे जमविली. सागर नाईक मुळे यांच्यासारख्या चित्रकारांनी ही शैली पुन्हा हाती घेतली आहे. जुनी भिंत राखावी हे तर खरेच. परंतु भिंतीला वय असते. शिकणारा हात मिळाला, तरच गाठीची रेघ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.