न दिलेल्या घराचं भाडं : घरपट्टी कोण ठरवतं?

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरातल्या बिस्किटांच्या डब्यातून. या डब्यात आई घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या ठेवते. परवा त्या मांडून बसलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "अरे, यावर वार्षिक भाडं लिहिलंय. आपण घर कधी भाड्याने दिलंय?"

नाही दिलं. कधीच नाही. तरी कागदावर भाडं आहे आणि त्याच्यावर कर आहे. मला वाटलं टायपिंगची चूक असेल. शोधत गेलो आणि थेट इंग्लंडला पोचलो.

1601 मध्ये तिथे गरिबांच्या पोटापाण्यासाठी कायदा झाला. पैसे कुठून आणायचे? तर गावातल्या घर-जमीन बाळगणाऱ्यांकडून. आता माणसाची कमाई लपवता येते, घर काही लपवता येत नाही. पुढे त्यातून एक युक्ती पक्की झाली : हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आले असते, त्यावर आकारणी. म्हणजे भाडेकरू काल्पनिक, कर मात्र खरा! हीच युक्ती इंग्रजांबरोबर मुंबईत आली आणि 1949 च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यात बसली. वर्षाचं वाजवी भाडं धरायचं, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. महिन्याला 6,000 भाडं येऊ शकेल असं घर असेल, तर वर्षाचे 72,000. त्यातून 7,200 गेले, राहिले 64,800. त्याच्यावर टक्के.

गंमत बघा, हा कायदा झाला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर पुणे आणि अहमदाबाद होतं. आपण तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, आणि 8 डिसेंबर 1982 ला आपली महापालिका झाली तेव्हा हा कायदा आपल्याला लागला.

पण मोजमाप करून वसूल करायची पद्धत या मातीला नवी नव्हती. 1610 च्या सुमाराला खडकी वसवणारा मलिक अंबर जमिनीचा कस बघून सारा ठरवायचा. चांगली जमीन, हलकी जमीन, सगळ्यांना एकच माप नाही. आणि त्याच माणसाने नहर-ए-अंबरी काढली, जमिनीखालून डोंगरातलं पाणी गावात खेळवलं. कर आणि पाणी, दोन्ही एकाच डोक्यातून. चारशे वर्षांनंतर आपण याच दोन गोष्टींवर भांडतोय, म्हणून सांगितलं.

आता खरा प्रश्न. हे काल्पनिक भाडं ठरवतो कोण? महापालिकेचे अधिकारी. म्हणजे कर घेणारा आणि मोजणारा एकच. शिवाय नगरसेवकांना पुढच्या निवडणुकीला त्याच गल्लीत यायचं असतं, मग दर वाढवायचं नाव कोण काढणार? त्यात भाडे नियंत्रण कायदा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करासाठी धरलेलं भाडं कायद्यातल्या प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे जुन्या वाड्याला जुनाच आकडा आणि शेजारच्या नव्या फ्लॅटला मात्र भरपूर.

यावर तोडगा दिल्लीतून आला, आणि सुचवणारे होते विजय केळकर, आपलेच मराठी अर्थतज्ज्ञ. ते 13 व्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. आयोग म्हणाला, शहरांना 2010 ते 2015 या काळात कामगिरीवरचं अनुदान हवं ना? मग प्रत्येक राज्याने मालमत्ता कराचं एक मंडळ नेमावं. त्याने सगळ्या मिळकतींची नोंद करावी, आकारणीची पद्धत तपासावी, शहरांना वाट दाखवावी. नमुना होता पश्चिम बंगालचं मूल्यांकन मंडळ. महाराष्ट्राने 2011 मध्ये मालमत्ता कर मंडळाचा तसा कायदाही केला.

कायदा झाला. पण तुम्ही या मंडळाचं नाव कधी ऐकलंय? मीसुद्धा हा भाग तयार करेपर्यंत ऐकलं नव्हतं. घरपट्टीवरून आमच्या गल्लीत मी जेवढी भांडणं ऐकली, त्यातल्या एकातही कुणी "मंडळाकडे जाऊ" म्हणालं नाही. माझं मत विचाराल तर मंडळ अनुदानाची अट म्हणून जन्माला आलं, लोकांच्या मागणीतून नाही, हाच घोळ. पुढे 15 व्या वित्त आयोगाने मंडळाऐवजी वेगळा दोर आवळला : राज्याने कराचा किमान दर जाहीर करावा, वसुली वाढवावी, तरच अनुदान.

दोर आवळायचं कारणही होतं. पूर्वी शहराचा मोठा आधार जकात. तिच्या जागी एलबीटी आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना तोही माफ झाला, 2017 मध्ये जीएसटी आला. आता त्या जागी राज्याकडून भरपाई येते. शहराच्या स्वतःच्या हातात राहिली घरपट्टी आणि पाणीपट्टी.

आणि सरकारी इमारतींचं काय? एवढी कचेऱ्यांची रांग आहे शहरात. त्यांना सामान्य कर माफ असतो, त्याऐवजी राज्य सरकार एक रक्कम देतं. तिचा हिशेब ज्या मूल्यावर होतो, ते ठरवणारा माणूस राज्य सरकार नेमतं, फक्त महापालिकेची संमती लागते. तुमच्या-माझ्या घराला ही सोय नाही.

पाण्याकडे येऊ. इथे राज्याचं प्राधिकरण खरंच बसलंय : 2005 च्या कायद्याने आलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. पण ते ठरवतं घाऊक पाण्याचा दर, म्हणजे जायकवाडीतून उचललेल्या पाण्याचे महापालिकेने किती द्यायचे ते. तुमच्या नळाचा दर त्याच्या कक्षेत नाही. तो इथेच ठरतो. समांतर जलवाहिनीसाठी 2011 मध्ये खासगी कंपनीशी करार झाला, 2016 मध्ये मोडला, पण पाणीपट्टी चढत चढत वर्षाला 4,050 रुपयांवर पोचली होती. पाणी मात्र कित्येक दिवसांनी एकदा. मे 2022 मध्ये पाण्यासाठी मोर्चा निघाला, तेव्हा सगळ्या राज्याने हे शहर टीव्हीवर पाहिलं. त्याच सुमारास पाणीपट्टी निम्मी झाली, 2,025. हा निर्णय ना कुठल्या मंडळाने जाहीर केला ना प्राधिकरणाने. जाहीर केला पालकमंत्र्यांनी. नगरसेवकही नव्हते तेव्हा, एप्रिल 2020 पासून प्रशासक होता.

आईला हे सगळं सांगितलं. तिने दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, 4,050 ची आणि 2,025 ची, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाली, "म्हणजे निम्मे कमी करता येत होते. मग आधीचे कुठल्या हिशेबाने घेतले?"

तुमच्या घरात अशा पावत्या असतील तर फोटो पाठवा, नाव-पत्ता झाकून. वार्षिक भाड्याचा आकडा दिसला पाहिजे. एकाच गल्लीतल्या दोन घरांचे मिळाले तर आणखी उत्तम. पुढच्या भागात गुंठेवारी.